मदरबोर्डच्या नावातले ए, बी, एक्स आणि झेड: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा ठरला की यादी साधारण एकाच क्रमाने तयार होते. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम. मदरबोर्ड शेवटी येतो आणि गाडी तिथेच अडते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एकाच प्रोसेसरसाठी एच६१०, बी७६० आणि झेड७९० असे तीन बोर्ड समोर येतात. किमतीत दुप्पट-तिप्पट फरक. वर सल्ला मिळतो, "झेड घ्या, फास्ट चालेल." बहुतेकांसाठी हा सल्ला चुकीचा आहे. चुकून गेलेले ते पाच-दहा हजार ग्राफिक्स कार्डावर किंवा मोठ्या एसएसडीवर घातले असते, तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

चिपसेट वेग का ठरवत नाही?

पूर्वी तो ठरवत असे. मदरबोर्डवर नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन चिप असत. रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची सगळी ये-जा नॉर्थब्रिजमधून होई. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला. इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये तेच केले. पुढे ग्राफिक्स कार्डाचा रस्ताही थेट प्रोसेसरला जोडला गेला. चिपसेटकडे उरली ती बाकीची कामे: यूएसबी, साटा, नेटवर्क, जादा एसएसडी.

त्यामुळे प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच ठेवून फक्त बी७६० च्या जागी झेड७९० लावला, तर गेममध्ये फ्रेम मोजूनही फरक हाती लागणे कठीण. अक्षर बदलल्यावर बदलते ते दोनच गोष्टींत. बोर्डावर किती गोष्टी जोडता येतील, आणि सेटिंगमध्ये कशाला हात लावता येईल.

इंटेलची उतरंड

बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे. त्यात एच६१० सगळ्यात खालचा. रॅमचे स्लॉट दोनच, आणि रॅम ठरलेल्या वेगाच्या वर चालवता येत नाही. प्रोसेसरमधून एसएसडीकडे जाणारा थेट रस्ताही यात बंद ठेवलेला असतो. म्हणून एसएसडी सहसा पीसीआयई ३.० च्या वेगाने चालते. ऐकायला हे फार वाईट वाटते. पण कोअर आय५-१२४००एफ, दोन रॅम, एक एसएसडी आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड एवढाच बेत असेल तर रोजच्या वापरात काही अडत नाही.

बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. त्याच्या चिपसेटमधून पीसीआयई ४.० च्या १० आणि ३.० च्या ४ लेन मिळतात. झेड७९० मध्ये हेच आकडे २० आणि ८ आहेत. शिवाय चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता आठ लेनचा, म्हणजे बी७६० च्या दुप्पट रुंद. तीन-चार वेगवान एसएसडी, कॅप्चर कार्ड, दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्ड असा पसारा असलेल्याला हे पैसे वसूल होतात.

प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे तो कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळवणे, अधिकृतपणे फक्त झेड बोर्डावर आणि नावात 'के' असलेल्या प्रोसेसरवरच होते. १२४००एफ साठी झेड७९० घेणाऱ्याने कुलूप घेतले, पण किल्ली घेतलीच नाही.

एएमडीचा हात जरा सैल

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बी६५० मध्येच प्रोसेसर आणि रॅम दोन्हींचे ओव्हरक्लॉकिंग खुले आहे. स्वस्तातल्या ए६२० वर प्रोसेसरचे नाही, रॅमचे आहे. मग एक्स६७० कशाला? गंमत अशी की एक्स६७० म्हणजे बी६५० मधलीच चिप, एकापुढे एक दोनदा जोडलेली. पोर्ट आणि लेन वाढतात, बाकी काही नाही. त्यानंतर आलेल्या एक्स८७० मध्ये तर पुन्हा एकच चिप आहे. तिथे जास्तीचे पैसे मुख्यतः सक्तीच्या यूएसबी ४ चे आणि ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआयई ५.० स्लॉटचे.

बी८४० पासून मात्र सावध. नावात बी असला तरी चिपसेटच्या लेन पीसीआयई ३.० च्या आहेत आणि प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग नाही. गुणांनी तो ए६२० च्या पंगतीला बसतो.

अक्षरात न दिसणारी गोष्ट

बोर्ड खरोखर मार खातो तो व्हीआरएममध्ये. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणणारी ही यंत्रणा सॉकेटच्या कडेने असते. १२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो. कोअर आय९-१३९००के ची हीच मर्यादा २५३ वॉट आहे. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर असा आय९ बसतो, चालूही होतो. पण व्हिडिओ रेंडर लावला की व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरला वेग उतरवावा लागतो. पैसे आय९ चे, काम आय५ सारखे.

हा दोष चिपसेटचा नाही. चांगल्या बी बोर्डाचा व्हीआरएम स्वस्तातल्या झेड बोर्डापेक्षा दणकट असू शकतो. खोक्यावरच्या 'फेज'च्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्याच मॉडेलची, मोठा प्रोसेसर लावून केलेली तापमानाची चाचणी पाहिलेली बरी. वायफाय, ध्वनी, मागचे पोर्ट हेही बहुतांशी बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून दोन बी६५० बोर्डांच्या किमतीत इतके अंतर पडते.

पुढे प्रोसेसर बदलायचा असेल तर

मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की येणारे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये पुरेशी जागा नाही, हे त्यामागचे एक कारण होते. ग्राहक भडकले आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली. स्वस्त बी४५० घेतलेल्यांना पुढे बायोस अपडेट करून रायझन ७ ५८००एक्स३डी सुद्धा लावता आला. वरच्या दर्जाचा एक्स४७० घेतलेल्यांना या बाबतीत वेगळे काहीच मिळाले नाही. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने २०२४ मध्ये सांगितले आहे.

दुकानातल्या जुन्या मालाबाबत एक अडचण नेहमी येते. बी६६० वर चौदाव्या पिढीचा किंवा बी६५० वर रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर लावला आणि बायोस जुने असले, तर स्क्रीनवर काहीच येत नाही. प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलणारे बटण बोर्डाच्या मागे असेल तर घरीच सुटका होते. नसेल तर बिल करण्याआधी दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्यावे. त्याच वेळी कंपनीच्या साइटवरून बोर्डाचे मॅन्युअल उतरवून एसएसडीचे पान वाचावे. अनेक बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि जुनी हार्ड डिस्क नेमकी त्याच पोर्टला लावलेली असते.