अजिंठ्याच्या भिंतीसमोर एक इंग्रज बाई

अजिंठ्याची चित्रे कोणी काढली, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्या चित्रांच्या नकला कोणी केल्या, हे मात्र इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. त्या नावांत एक नाव इंग्रज बाईचे आहे, आणि आम्हा मराठवाड्यातल्या लोकांनी तरी ते विसरू नये, असे मला वाटते. त्या काळी आमचे बीड आणि ते अजिंठा, दोन्ही निजामाच्याच राज्यात होती.

ख्रिस्तियाना हेरिंगहॅम १८५२ साली जन्मल्या. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतल्या. त्या काळी सुखवस्तू घरातल्या मुलीने जलरंगात फुले-पाने रंगवावीत, याचे कौतुक होई. पण तिने चित्रकार व्हावे, हे कोणाच्या मनात नसे. लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत १८६० साली पहिली मुलगी शिरली खरी, पण उघड्या मानवी देहावरून रेखाटन शिकण्याची मुभा मुलींना मिळायला १८९३ साल उजाडले. ज्याला शरीर पाहू दिले नाही त्याने माणसे काढायची कशी, हे त्या शहाण्यांनाच ठाऊक!

बाईंनी दुसरी वाट धरली. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगविद्येवरचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला. तो १८९९ साली छापला गेला. नुसते भाषांतर करून त्या थांबल्या नाहीत. अंड्याच्या बलकात रंग कालवून जुन्या चित्रांच्या नकला करीत त्यांनी ती कृती स्वतःच्या हातात मुरवली. शाळेत आम्ही मास्तर लोक नक्कल करणाऱ्या पोरावर डोळे वटारतो. पण दारातली रांगोळी आमच्या आया-बहिणी दुसरे काय करून शिकल्या?

आता अजिंठ्याचे पाहा. मेजर गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. इकडे मूळ भिंतींचा गिलावा सुटत होता, तो थांबत नव्हता.

१९०६ साली बाईंनी ही लेणी पाहिली. मग १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत, साठीला टेकलेल्या वयात, त्या तंबू ठोकून तिथे राहिल्या. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा ही तरुण मंडळी आली. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. अंधुक उजेडात वटवाघळांच्या सोबतीने हे काम चाले. नंदलालांच्या रेषेला तिथे जे वळण लागले ते पुढे शांतिनिकेतनात पोहोचले, आणि सय्यद अहमद तर पुढे या लेण्यांचेच रखवालदार अधिकारी झाले. मला हा लाभ नकलांहूनही मोठा वाटतो.

बाईंना मात्र हे काम फार महाग पडले. १९११ साली मायदेशी परतताना त्यांचे चित्त ढळले. कोणीतरी आपल्या मागावर आहे, या भयाने त्यांना घेरले. ते भय केवळ अजिंठ्याने दिले असे मी म्हणणार नाही. थोरला मुलगा त्यांनी लहानपणीच गमावला होता. नकलांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली काढला. तेव्हा बाई मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहात होत्या. त्यानंतर चौदा वर्षे त्या जगल्या. हातात कुंचला पुन्हा आला नाही.