अतिथीची सनद

चिंचणी आणि तारापूर या दोन गावांच्या मध्ये एक खाडी आहे. उत्तरेचे चिंचणी डहाणू तालुक्यात मोडते, दक्षिणेचे तारापूर पालघर तालुक्यात, आणि तरीही मुंबईकडचा मनुष्य त्यांचा उच्चार जोडनावानेच करतो. गेल्या शतकाच्या मध्यास चिंचणीच्या हद्दीत ताम्रपटांचा एक संच सापडला. दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२व्या खंडात प्रसिद्ध केले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. ज्या किनाऱ्याला इतिहासाच्या पुस्तकांतून किल्ल्यांच्या यादीपलीकडे सहसा जागा मिळत नाही, त्या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वी परगावच्या विद्वानांची बडदास्त ठेवण्याची रीतसर, लेखी आणि चिरस्थायी तजवीज केलेली होती.

त्यांपैकी एक ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळी संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या गुजरातच्या सरहद्दीत गेलेल्या संजानच्या परिसराचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ‘मुहंमद’ या नावाने संस्कृत वेष धारण केला म्हणजे त्याचे ‘मधुमती’ होते, आणि पित्याच्या ‘शहरियार’चे ‘सहियारहार’. राष्ट्रकूट सम्राटाचा हा परधर्मी सुभेदार आपल्या प्रांतात काय करतो, तर दोन प्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय करतो आणि तांदूळ, व्यंजने व तूप मिळेल असे अन्नसत्र उघडतो. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने तेथे एक मठिका स्थापन केली होती. तिच्या दुरुस्तीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि पंचगौडीय महापर्षदेतील नऊ जणांच्या भोजनासाठी तिसऱ्या इंद्राच्या संमतीने एक गाव आणि काही जमीन तोडून देण्यात आली. दाता राष्ट्रकूट, कारभारी मुसलमान, भोक्ते उत्तरेकडील परंपरेचे ब्राह्मण, अशी ही त्रिवेणी आहे. तीत कोणालाही काही विपरीत वाटले असल्याची खूण त्या पटात नाही. विपरीत वाटते ते आपल्याला, आणि त्याचे कारण ताम्रपटात न शोधता आपल्या काळात शोधावे हे बरे.

याहून मनोरम आहे तो शके ९५६ चा, म्हणजे १०३४ चा पट. शिलाहार चित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने संजानच्या कौतुक मठिकेला तेलाचा एक घाणा दान दिला आणि त्या तेलाचा विनियोगही नमूद करून ठेवला: भगवतीपुढील दिव्यासाठी, आणि मठिकेतील स्वाध्यायी व बाहेरून येणारे ब्राह्मण यांच्या पायांना लावण्यासाठी. विद्येच्या आदराची वर्णने आपल्या वाङ्मयात वाटेल तितकी आढळतात; परंतु विद्वान मनुष्य चालत येतो, चालणाऱ्याचे पाय फुटतात आणि फुटलेल्या पायांना तेल लागते, एवढा साधा विचार करून त्यासाठी उत्पन्नाची कायम बाब तोडून देणारा राज्यकर्ता विरळा. आदरातिथ्य हा अंतःकरणाचा विषय आहे असे आपण मानतो आणि त्यात जमाखर्च आणणे अप्रशस्त समजतो. चामुंडराजाला तसे वाटले नाही. ज्या पाहुणचाराची तरतूद वहीत नाही तो यजमानाच्या मर्जीबरोबर संपतो, हे त्याला ठाऊक असावे. आणि ती तरतूद ज्याच्या हातून लिहिली जाते तोच खरा यजमान, ही गोष्ट या किनाऱ्याच्या पुढल्या इतिहासाने पुन्हा पुन्हा सिद्ध केली.

पारशांच्या आगमनाची कथा १५९९ मध्ये बहमन कैकोबादाने रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’मध्ये येते. तिच्यातील राजा आगंतुकांना आश्रय देतो खरा, पण त्यापूर्वी अटी घालतो: धर्म समजावून सांगा, देशभाषा बोला, स्त्रियांनी देशी वेष घ्यावा, शस्त्रे ठेवावीत, विवाह सायंकाळी लावावेत. ही कथा घडल्यानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली असल्यामुळे तिचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न अभ्यासकांवर सोपवावा. मात्र ‘राहा, पण आमच्या शर्तींवर’ हा यजमानाचा अधिकार तीत निःसंशय गृहीत धरलेला आहे. पोर्तुगीज आले तेव्हा तो अधिकारच उलटला. समुद्रावर ज्याला गलबत न्यायचे असेल त्याने पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना घ्यावा, नाही तर माल आणि गलबत दोन्ही जप्त. म्हणजे बाहेरून आलेल्याने घरच्या मनुष्याला त्याच्याच दारातून ये-जा करण्याचे दस्तक द्यावयाचे. पाहुणा शब्द येथे लागू पडत नाही, म्हणून या दोन शतकांविषयी अधिक लिहीत नाही. १७३९ च्या प्रारंभी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला, आणि किनाऱ्यावरील परवाने मराठी शिक्क्याचे झाले.

मराठी अमलाच्या त्या काळात एक खराखुरा विद्यार्थी या बाजूला आला. आंकेतील द्यू पेराँ हा फ्रेंच तरुण अवेस्ता शिकण्याच्या ध्यासाने १७५८ मध्ये सुरतेस पोहोचला आणि पारशी दस्तूर दाराब यांच्यापाशी शिकू लागला. ही विद्या त्याला फुकट मिळाली नाही, गुरूला द्रव्य मोजावे लागले. युरोपात इंग्रज-फ्रेंचांचे युद्ध पेटलेले, सुरतेचा किल्ला १७५९ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला, अशा स्थितीत हा शत्रुराष्ट्राचा विद्वान इंग्रजांच्याच आश्रयाने आपली पोथ्यांची साधना चालू ठेवतो, हा त्या शतकाचा एक सुखद विरोधाभास आहे. १७६० च्या अखेरीस तो कान्हेरी आणि घारापुरीची लेणी पाहण्यासाठी सुरतेहून दक्षिणेकडे निघाला तो याच किनारपट्टीने, आणि वाटेत पाहिलेले टिपीत गेला. १७७१ मध्ये पॅरिसला त्याचा ‘झेंद-अवेस्ता’ प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोपातील काही पंडितांनी त्याला भोंदू ठरविले. काळाने निकाल त्याच्या बाजूने दिला. एकोणिसाव्या शतकाकडे मी मुद्दाम वळत नाही. त्या शतकात या भागात आलेले विद्वान बहुशः सरकारी नोकर होते, आणि सरकारी नोकर मुक्कामाला येतो तो पाहुणा म्हणून नव्हे.

स्वातंत्र्य आले त्या वेळी परदेशी मनुष्याची नोंद ठेवण्याचे दोन कायदे मागील राजवटीकडून वारशाने मिळाले होते, एक १९३९ चा आणि दुसरा १९४६ चा. पाहुणा उतरल्याची वर्दी यजमानाने २४ तासांच्या आत सरकारात द्यावी, आणि दीर्घ मुक्काम असेल तर पाहुण्याने स्वतः नोंदणी करून घ्यावी, ही विद्यापीठांच्या अतिथिगृहांत आजही चालणारी वहिवाट त्यांच्यातूनच उगम पावली. दुसरीकडे २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार होऊन विद्वानांच्या देवघेवीला राजमान्यता मिळाली. अमेरिकेने आपल्या बाजूने ‘विनिमय अभ्यागत’ नावाचा स्वतंत्र व्हिसा निर्माण केला, आणि त्यातील अनेकांना अशी शर्त घातली की शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याविना पुन्हा स्थायिक होण्यास येऊ नये. संजानच्या राजाने आगंतुकांना ‘आमच्यासारखे व्हा’ म्हटले होते. वॉशिंग्टनचा यजमान म्हणतो, ‘आमच्याकडून शिका आणि तुमचेच राहा’. कोणती शर्त अधिक उदार, हे सांगणे मला कठीण वाटते.

साठीच्या दशकात या देवघेवीने तारापूर गाठले. होमी भाभा यांच्या अणुऊर्जा खात्याने देशातील पहिल्या अणुवीजकेंद्रासाठी हा किनारा निवडला, त्या वेळी जवळचे बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील एक बेताचे स्टेशन होते. आसपास वाडवळांच्या वाड्या, मांगेल्यांचे मासेमारीचे पाडे, पूर्वेस वारल्यांची वस्ती, आणि चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांसाठी पोलादी ठशांवर नक्षी कोरणारे डायमेकर. ८ ऑगस्ट १९६३ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. त्याची मुदत ३० वर्षांची. समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे आणि या केंद्रासाठी भारताने ते अमेरिकेकडूनच घ्यावे, असे कलम त्यात होते. सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज पाऊण टक्का व्याजाने मिळाले. १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम उक्त्या मक्त्याने देण्यात आले. बांधकामाची बाजू बेक्टेलकडे गेली.

आणि मग पाहुणे आले. अमेरिकन अभियंते येथे मुक्कामाला राहिले, त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या बरोबरीने ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण विद्यालयातून, जे १९५७ मध्ये सुरू झाले होते, बाहेर पडलेले भारतीय तरुण वावरू लागले, आणि त्याच वेळी दुसऱ्या दिशेनेही रहदारी सुरू झाली: येथील अभियंते आणि चालक अमेरिकेतील अणुभट्ट्यांवर शिक्षणासाठी गेले. विद्यापीठाचा शिक्का नसला तरी हा विद्याविनिमयच होता, आणि माझ्या मते या जिल्ह्याने पाहिलेला सर्वांत मोठा. भाभांना तो पूर्णत्वास गेलेला पाहण्याचे भाग्य लाभले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. मक्ता पुरा झाला तसे पाहुणे स्वदेशी परतले. यंत्राच्या खोडी मात्र त्यानंतर प्रकट होऊ लागल्या. इंधनाची गळती, किरणोत्सारी भागात दुरुस्तीचे काम, सुट्या भागांची टंचाई, हे सारे येथील माणसांनी निस्तरले, आणि पुढे भट्ट्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आणून का होईना, त्या चालत्या ठेवल्या. पाहुण्याने जे शिकविले त्यापेक्षा तो निघून गेल्यावर जे शिकावे लागले ते अधिक होते, असे अभियंते म्हणत असतील तर त्यात अतिशयोक्ती नसावी.

या वेळेपर्यंत दुसऱ्या जातीच्या पाहुण्याची सनद तयार झाली होती. २७ जानेवारी १९७१ रोजी भारत, अमेरिका आणि व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि त्या संस्थेचे निरीक्षक तारापूरच्या फाटकातून हक्काने आत येऊ लागले. हा विद्वान शिकविण्यास येत नाही आणि शिकण्यासही येत नाही. तो मोजण्यास येतो. त्याला नाकारता येत नाही, आणि काय दाखवावयाचे हे यजमानाने ठरवावयाचे नसते. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाल्यावर तर तारापूरच्या चुलीचा प्रश्न वॉशिंग्टनच्या सभागृहांत चर्चिला जाऊ लागला. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून इंधनावर अटी लादल्या. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकन सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी एक खेप मोकळी केली. बोईसर-तारापूरच्या नशिबाचा कौल दोन मतांच्या फरकाने, अर्ध्या पृथ्वीपलीकडे लागावा, ही घटना आपल्या इतिहासलेखनात जितकी यावी तितकी आलेली नाही. १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली, नंतर चीनने आणि त्यानंतर रशियाने.

१ ऑगस्ट २०१४ रोजी हा भाग ज्यात मोडतो तो पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि परदेशी संशोधक आलाच तर त्याची कागदपत्रे विद्यापीठ, गृहखाते आणि पोलीस यांच्या दप्तरांतून फिरत येतात. जव्हार-डहाणूच्या वारली पाड्यांकडे चित्रकलेच्या ओढीने येणारे परदेशी अभ्यासक मात्र बहुधा अशा कुठल्याच विनिमयाच्या वहीत नसतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हापासून हा ओघ वाढला. त्या पाड्यांवरचा पाहुणचार कोणत्या सनदेने चालतो, त्याचा खर्च कोण सोसतो आणि चित्रांचे मोल कोणाच्या खात्यात जमा होते, याचा हिशेब एखाद्या अभ्यासकाने मांडावयास हवा.

१९६३ च्या कराराची मुदत १९९३ मध्ये संपली, पण एक बाब तशीच शिल्लक राहिली. अमेरिकन युरेनियमच्या जळालेल्या कांड्यांवर प्रक्रिया करण्यासाठी तारापूरलाच एक कारखाना उभारण्यात आला होता आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो तयारही झाला. परंतु अमेरिकेने संमती दिली नाही, म्हणून त्यात राजस्थानच्या भट्टीचे इंधन नेण्यात आले. तारापूरच्या कांड्या अमेरिकेने परत नेल्या नाहीत आणि विरघळवूही दिल्या नाहीत. परतलेल्या पाहुण्याचे सामान यजमानाच्या माजघरात पडून राहावे, तशा त्या तारापूरच्या साठवण तलावांत पाण्याखाली राहिल्या. त्यांच्या राखणीचा खर्च भारताच्या नावे पडला, आणि त्यांची मोजदाद करण्यास निरीक्षक व्हिएन्नाहून येत राहिले.