बांध ओलांडला की सर्व्हर कोसळतो : मेमरीच्या हद्दींचा इतिहास

(१/९)
सातबाऱ्यासाठी शिरपूरला आलेल्या शेतकऱ्याच्या कानी 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द पडले, की त्याचा दिवस वाया जातो. सर्व्हर कोसळण्याची कारणे अनेक असतात. त्यांतले एक कारण मात्र खानदेशाला फार जुन्या ओळखीचे आहे : हद्दीचे उल्लंघन.

(२/९)
१८५२ मध्ये इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातील रयत उठली होती. जमिनीची नोंद कोण करतो आणि कशी करतो, यावर घरादाराचे भवितव्य ठरते, हे तिला पुरते ठाऊक होते. आज त्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. प्रश्न तोच आहे.

(३/९)
संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेल्या गटांचे शिवार. कोणती माहिती कोणत्या गटात आहे, हे प्रोग्रॅम 'पॉइंटर' नावाच्या क्रमांकावरून ओळखतो. क्रमांक चुकला, किंवा मोकळ्या केलेल्या गटात प्रोग्रॅम पुन्हा शिरला, तर दुसऱ्याच्या शेतात नांगर चालतो.

(४/९)
या तपासातील एक शब्द मुंबईच्या जुन्या यंत्राची आठवण करून देतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची मेमरी अवघी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. ती फेराइटच्या चिमुकल्या चुंबकीय कड्यांची, म्हणजे 'कोअर'ची, होती. जगभरातून त्या कड्या गेल्या, नाव उरले. कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची जशीच्या तशी उतरवलेली प्रत आजही 'कोअर डंप' म्हणवते.

(५/९)
पुढे एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम नांदू लागले आणि बांधावर राखणदार नेमावा लागला. मेमरीचे 'सेगमेंट' पाडण्याच्या पद्धतीवरून हद्दभंगाला 'सेगमेंटेशन फॉल्ट' हे नाव मिळाले. लिनक्सवर तो ११ क्रमांकाचा सिग्नल. तो येताच ऑपरेटिंग सिस्टीम सहसा अपराधी प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवते.

(६/९)
डेटाबेस तर त्याहून कठोर. पोस्टग्रेस-एसक्यूएलची एक प्रक्रिया अशी कोसळली, तर मुख्य प्रक्रिया उरलेल्या सर्व प्रक्रियाही बंद करते. कारण सामायिक मेमरी बिघडली असण्याची शंका असते. मग बदल करण्यापूर्वीच लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून, म्हणजे 'वॉल'वरून, पक्क्या झालेल्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या जातात.

(७/९)
राखणदाराच्या नजरेतून सुटणारे उल्लंघनही असते. प्रोग्रॅम स्वतःच्याच आवारातली भलती जागा खोडतो, तेव्हा घंटा वाजत नाही. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' हा अवघ्या ३७६ बाइटांचा वर्म एसक्यूएल सर्व्हर २०००मधील अशाच एका दोषातून शिरला आणि काही मिनिटांत जगभर पसरला. दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

(८/९)
म्हणून तपासाचा क्रम पंचनाम्यासारखा असावा. घाईने सर्व्हर पुन्हापुन्हा सुरू करण्याआधी लॉग आणि कोअर डंप जपावेत. डंप घेण्याची मुभा मात्र आधीच दिलेली असावी लागते. 'जीडीबी'सारख्या साधनाने प्रोग्रॅम कोणत्या ओळीवर पडला ते पाहावे. दर वेळी तीच जागा दिसली, तर संशय प्रोग्रॅमवर किंवा नव्याने जोडलेल्या एक्स्टेन्शनवर. दर वेळी जागा निराळी असेल, तर रॅमची चाचणी घ्यावी. एका बिटाची चूक स्वतः सुधारणारी 'ईसीसी' रॅम सर्व्हरसाठी वापरतात, ती याचसाठी. शेवटी बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवून तपासावा.

(९/९)
तलाठ्याचे दप्तर एक दिवस बंद राहिले, तर शेतकऱ्याची खेप वाया जाते. दप्तरात कोणाच्या नकळत खाडाखोड झाली, तर जमीनच हातची जाते. कोसळणारा सर्व्हर बहुधा पहिले नुकसान पत्करून दुसरे टाळत असतो. तो का कोसळला हे न शोधता त्याला नुसते उठवून उभे करणे, म्हणजे बांध कोणी कोरला हे न पाहताच पेरणी करणे.