मास्टर विठ्ठल नेमके ‘संपले’ कधी?

सेट-नेटवाल्यांना ‘आलम आरा’ पाठ असतो. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक, अर्देशीर इराणी, पहिला भारतीय बोलपट. नायक कोण होता विचारलं, की गाडी अडते.

नायक होते मास्टर विठ्ठल. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सगळीकडे फिरते: मूकपटांचा हा राजा, पण हिंदी-उर्दू धड बोलता येईना, म्हणून सिनेमात त्यांना बराच वेळ गुंगीत दाखवलं, आणि पडदा बोलू लागला तसे ते संपले. गोष्ट झकास आहे. म्हणूनच तिच्याकडे जरा संशयानं बघा.

आधी माणूस समजून घेऊ. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विठ्ठल घडले. ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये ते पडद्यावर दिसले तेही नर्तकी म्हणून! पुढं मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत तलवारबाजी आणि उड्या मारणारा नायक म्हणून त्यांचं नाव झालं. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. हे कौतुक उगाच नव्हतं. फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ तेव्हा आपल्याकडं तुफान चालला होता, आणि १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या कागदपत्रांतही त्याची लोकप्रियता नोंदलेली आहे. (ती साक्षींची बाडं एकदा चाळाच. प्रेक्षक, थिएटरमालक, सेन्सॉर, सगळे भेटतात.)

इराणींनी ‘आलम आरा’साठी विठ्ठलना घेतलं तेव्हा शारदाशी असलेल्या करारावरून कोर्टकज्जा झाला, आणि विठ्ठलची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले, असं सांगितलं जातं. ज्याच्यासाठी दोन कंपन्या भांडतात त्याची बाजारातली किंमत काय असेल, तुम्हीच ठरवा.

आता ‘आवाजानं संपले’ या दाव्याकडं येऊ. हॉलिवूडमध्ये जॉन गिल्बर्टबद्दल हीच दंतकथा होती, की आवाज किरटा म्हणून बोलपटात तो बुडाला. पण त्याचे बोलपट शिल्लक आहेत. ‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) लावा आणि ऐका, आवाज चांगला आहे. तिथं दंतकथा तपासता आली. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रिंट उरलेली नाही. विठ्ठलचे संवाद कमी का होते, हे आपण पडद्यावरून तपासूच शकत नाही. उरतात आठवणी, जाहिराती, फोटो.

मग काय करायचं? चित्रपटांची यादी तारखेनुसार मांडायची. अगदी साधं काम, पण गंमत इथंच होते. १९३३ चा ‘आवारा शहजादा’ विठ्ठलनीच दिग्दर्शित केला, नायक शाहू मोडक. १९३९ मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, म्हणजे पुन्हा तलवार, आणि या वेळी मराठीत. १९४४ मध्ये प्रभातच्या ‘रामशास्त्री’तही ते आहेत, भूमिका लहान. नायकपण ओसरलं हे खरं. पण तेरा वर्षांनंतरही जो बोलपटात काम करतोय, तो १९३१ मध्ये आवाजामुळं संपला असं कसं म्हणणार? वय, भाषेनुसार तुटलेला बाजार, ऐतिहासिक पटांची मराठी मागणी, ही कारणं तपासायला हवीत. माझा कल भाषेच्या बाजाराकडं आहे.

चाळीसगावात बसून हे जमेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: महाराष्ट्र एक्स्प्रेस इथून पुण्याला जाते, जिथं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तीच पुढं कोल्हापूरलाही पोचवते. पुण्यात उतरलात तर सिनेमाच्या आधी त्या काळच्या चित्रपट-पुस्तिका मागा.