योगाची बिगरी

शनिवारचा दुसरा चहा झाला असेल तर बसा निवांत. आज जरा इतिहास.

योगाच्या वर्गाला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन वाक्यं हमखास असतात. एक, "ही पाच हजार वर्षांपूर्वीची विद्या आहे." दोन, "माझा हात तर गुडघ्याच्या खालीच जात नाही!" एकेकटी असताना ही वाक्यं निरुपद्रवी आहेत. एकत्र आली की घात होतो. ऋषीमुनींच्या विद्येला आपलं खुर्चीत बसून बसून आखडलेलं शरीर लायकच नाही असं वाटायला लागतं. मग दोन आठवडे कसेबसे जातात, तिसऱ्या आठवड्यात रिलीज येते आणि मॅट कपाटावर जाते ती जातेच.

म्हणून म्हटलं, एक साधा प्रश्न विचारून बघू. आसनं कुठून आली हा नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. प्रश्न असा: नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय करायला सांगायचं, हे कोणी ठरवलं? म्हणजे योगाची बिगरी कोणी काढली?

जुन्या ग्रंथांत शोधायला गेलात तर ती सापडत नाही. पतंजलीची सूत्रं सुमारे १९५, त्यातली खास आसनावरची जेमतेम तीन. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, एवढाच त्यांचा आग्रह. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त पंधरा आसनं आहेत, त्यातली बरीचशी बैठी. त्रिकोणासन नाही, वीरभद्रासन नाही, सूर्यनमस्कार तर नाहीतच. मयूरासन मात्र आहे. दोन्ही कोपरं पोटाशी रोवून सगळं शरीर हवेत आडवं धरायचं. ते जमेपर्यंत मधल्या पायऱ्या कोणत्या? त्याबद्दल ग्रंथ गप्प. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन आहे, ट्युटोरियल नाही.

त्यात स्वात्मारामाची चूक काही नाही. शिकवणारा गुरू समोर बसलेला आहे, शिकणारा एकटा आहे, छोट्याशा मठीत राहतोय आणि त्याला दुसरं काही काम नाही, हे गृहीत धरूनच तो ग्रंथ लिहिलाय. नऊ ते सात ऑफिस करून येणारा माणूस त्याच्या हिशोबात नव्हता. पण एक गोष्ट त्यानं स्वच्छ सांगून ठेवलीय: तरुण असो की जख्ख म्हातारा, आजारी असो की अशक्त, अभ्यास करेल त्याला फळ मिळेल. म्हणजे प्रवेश सगळ्यांना खुला होता. जिना तेवढा बांधायचा राहिला होता.

तो जिना बांधला गेला विसाव्या शतकात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच पायऱ्या मुंबई, लोणावळा आणि पुण्यात घडल्या.

नर्मदेच्या काठी, गुजरातेत, मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. त्यांच्याकडे थोड्याफार अंतरानं दोन तरुण शिकून गेले. एक मणिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजचा विद्यार्थी. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अंमळनेरला शिक्षणाच्या कामात रमलेले. मणिभाईंचे झाले श्री योगेंद्र, गुण्यांचे झाले स्वामी कुवलयानंद. योगेंद्रांनी १९१८च्या डिसेंबरात वर्सोव्याला 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला 'कैवल्यधाम' काढलं. दोन्ही संस्था आज शंभरी ओलांडून चालू आहेत.

त्या काळी सुशिक्षित घरांत हठयोग्याबद्दल फारसं बरं मत नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. हठयोगी म्हणजे राख फासलेला, खिळ्यांवर झोपणारा, जत्रेत चमत्कार दाखवणारा बैरागी. सभ्य घरातल्या मुलानं व्यायाम करायचा तर तालमीत जाऊन जोर-बैठका काढाव्यात, किंवा शाळेतली साहेबी कवायत करावी. आणि या दोघांनी ठरवलं, की आपल्या गुरूकडे जे आहे ते नोकरदार, गृहस्थ, संसारी माणसाला द्यायचं!

योगेंद्रांची वाट घरगुती होती. आसनं सोपी करायची, वेळ थोडा मागायचा आणि बायकांनाही बरोबर घ्यायचं. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. आज कुठल्याही योगवर्गात डोकावून बघा आणि बायका किती आहेत ते मोजा. नव्वद वर्षांपूर्वी हे पाऊल केवढं मोठं असेल, याचा अंदाज येईल.

कुवलयानंदांची वाट प्रयोगशाळेतून जात होती. लोणावळ्याची संस्था काढण्याआधीच त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढून पाहिले होते. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्यूम'. १९२४ पासून 'योगमीमांसा' या नियतकालिकात असे प्रयोग छापून येऊ लागले. सगळेच निष्कर्ष आजच्या कसोटीला उतरतील असं नाही. पण "गुरूंनी सांगितलं म्हणून" याच्या पुढे जाऊन "मोजून बघू" म्हणणं, हा त्यातला खरा बदल.

आणि मोजायला लागलं की मर्यादाही दिसतात. आसनांवरच्या त्यांच्या पुस्तकात कोणी काय करू नये हेही लिहिलंय. रक्तदाब जास्त असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका, अशा ताकिदी आहेत. आज वर्गाच्या पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात ना, पाठीचं दुखणं आहे का, ऑपरेशन झालंय का वगैरे? तो फॉर्म खरा भरा. त्यामागे शंभर वर्षांचा विचार आहे.

कुवलयानंदांनी दुसरंही एक काम केलं. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. शाळेच्या पटांगणावर शेकडो मुलं रांगेत उभी करून योग शिकवायचा कसा, हा प्रश्न तिथे आला. एक गुरू-एक शिष्य हे गणित तिथे चालणार नव्हतं. मग कवायतीसारखे आकडे आले, हुकूम आले, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम आला. १९३०च्या दशकात 'यौगिक संघ व्यायाम' या नावानं त्यांनी तो मांडला. तुमच्या वर्गात मॅडम "एक... दोन... सावकाश खाली" म्हणतात, तेव्हा त्या स्वरात हे जुनं पटांगण थोडंसं ऐकू येतं.

आता सूर्यनमस्कारांचं काय? त्यासाठी साताऱ्याच्या बाजूला, औंध संस्थानात जावं लागेल. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आधी युजेन सँडो या युरोपियन पहिलवानाच्या पद्धतीनं डंबेल्स मारत. हो, राजेसाहेब जिमवाले होते! पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि असे वळले की संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पण ते याला व्यायाम आणि उपासना समजत. वर्गातल्या योगाशी नमस्कारांची सोयरीक पुढे जमली, आणि तीही बिनविरोध नाही. योगेंद्रांना ती भेसळ मुळीच पसंत नव्हती. आज सूर्यनमस्कार म्हणजेच योग असं समजणाऱ्या पिढीला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. जन्म डिसेंबर १९१८, कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी, इन्फ्लुएंझाच्या साथीत. लहानपण मलेरिया, टायफॉइड आणि क्षयात गेलं. काटकुळे हातपाय, मोठं पोट आणि जड डोकं. म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवणारे टी. कृष्णम्माचार्य हे त्यांच्या बहिणीचे यजमान. १९३४ मध्ये हा आजारी मुलगा त्यांच्याकडे गेला. गुरू अतिशय कडक, आणि हा मुलगा काही करू शकेल अशी त्यांना फारशी आशा नव्हती.

१९३७ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला योगशिक्षक हवा होता. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून अठरा वर्षांच्या अय्यंगारांना सहा महिन्यांसाठी पाठवलं. मराठी येत नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि समोरचे विद्यार्थी वयानं, शिक्षणानं, तब्येतीनं वरचढ. ते सहा महिने २०१४ पर्यंत चालले. अय्यंगार शेवटपर्यंत पुणेकर राहिले.

ज्याचं शरीर उपजतच लवचीक असतं त्याला आसन "होतं". ज्याचं नसतं त्याला ते इंचाइंचानं शोधावं लागतं. पाऊल किती वळवायचं, गुडघा कुठे ओढायचा, वजन टाचेवर की चवड्यावर... अय्यंगारांना हे सगळं स्वतःच्या अंगावर शोधावं लागलं, म्हणून ते दुसऱ्याला सांगता आलं. हात जमिनीपर्यंत पोचत नाही? वीट ठेव. पाय धरता येत नाही? पट्टा घे. तोल जातोय? भिंतीला टेक. खुर्ची, दोर, लोड, घोंगडी, घरातल्या साध्या वस्तू त्यांनी कामाला लावल्या. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं, इतका साधा विचार.

१९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईत त्यांना भेटले, त्यानंतर त्यांचं युरोपात जाणं-येणं सुरू झालं आणि १९६६ साली 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक आलं. मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून मिळतं. त्यात दोनशे आसनं आहेत, पण मला खरं आवडतं ते दुसरंच. प्रत्येक आसनापुढे ते किती अवघड आहे याचा आकडा दिलाय, एकपासून साठपर्यंत. आणि शेवटी आठवड्यांचा तक्ता आहे: पहिल्या आठवड्यापासून तीनशेव्या आठवड्यापर्यंत. तीनशे आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षं! आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला एवढा प्रामाणिक एस्टिमेट कोणी दिला तर तो बेशुद्ध पडेल.

एकीकडे ग्रंथात थेट मयूरासन, दुसरीकडे "पहिल्या आठवड्यात नीट उभं राहायला शिका." या दोन टोकांमध्ये योगाची बिगरी तयार झाली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे योग शंभर वर्षांचाच? साहेबाच्या जिमनॅस्टिक्सची नक्कल? असंही म्हणणारे आहेत. मार्क सिंगलटन या अभ्यासकानं २०१० साली 'योगा बॉडी' या पुस्तकात आजच्या आसनवर्गावर युरोपियन व्यायामपद्धतींचा किती ठसा आहे हे मांडलं आणि बराच गदारोळ झाला. त्यात तथ्य आहे, पण ती गोष्ट तिथे संपत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धती' नावाची एक हस्तलिखित पोथी आहे. अभ्यासकांच्या मते हा ग्रंथ अठराव्या शतकातला. त्यात एकशे बारा आसनं आहेत, क्रमानं लावलेली. काही उभी, काही हालचालींची, काही भिंतीच्या आधारानं, आणि काही चक्क दोराला लटकून! अय्यंगारांच्या संस्थेत भिंतीला दोर लावलेले आहेत, आणि तिथून काही किलोमीटरवर ही पोथी. तेव्हा "सगळं पाच हजार वर्षं जुनं" हेही खरं नाही आणि "सगळं साहेबाचं" हेही नाही. जुन्या कोडवर नवा इंटरफेस चढवलाय म्हणा हवं तर. दोन्ही लिहिणाऱ्यांची नावं मान्य करायला काय हरकत आहे?

असो. या सगळ्याचा सोमवारी सकाळी साडेसहाला वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला काय उपयोग?

मला वाटतं, बराच आहे. ज्या पायरीवर तुम्ही उभे आहात ती तुमच्यासारख्यांसाठीच मुद्दाम बांधलीय. नोकरदार, गृहिणी, शाळकरी मुलं, क्षयातून उठलेला अठरा वर्षांचा मुलगा यांना डोळ्यासमोर ठेवून ती घडली. आखडलेलं शरीर हा त्या योजनेतला अपवाद नाही, योजना त्याच्यापासूनच सुरू होते. शेजारच्या मॅटवरची मुलगी कपाळ गुडघ्याला टेकवतेय ना, टेकवू दे. तुम्ही वीट मागा. वीट मागण्यात कमीपणा असता तर ती वर्गात ठेवलीच नसती.

आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर तो तक्ता आठवा. तीनशेपैकी तीन म्हणजे अजून एक टक्का झालाय. एक टक्क्यावर निकाल लावायचा नसतो.

'योगदीपिके'त ताडासनाला अवघडपणाचा आकडा आहे एक. शवासनालाही एकच. यातलं शवासन तर आपल्याला रोज सकाळी अलार्म वाजल्यावर येतंच. राहता राहिलं ताडासन. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून सरळ उभं राहायचं, बस्स. उद्या रविवार आहे, करून बघा.