कळकलेले ताक आणि एक शतांश ग्रेन

'ताक कळकले' हे वाक्य आता घरांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक, चिंचेचे सार किंवा लोणचे राहिले, की धातूचा अंश पदार्थात उतरे. पदार्थाला हिरवट झाक येई, जिभेला विचित्र तुरटपणा लागे आणि घरातली जाणती बाई तो पदार्थ निमूटपणे टाकून देई. या साऱ्या घटनेला मराठीने एक स्वतंत्र क्रियापद दिले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. अन्नात धातूचा अंश किती असला तर चालेल, या प्रश्नाचे आमच्या भाषेने दिलेले ते उत्तर होते: जिभेला कळेपर्यंत चालेल, कळले की नाही. त्या मर्यादेचा रखवालदार होता दारोदार फिरणारा कल्हईवाला.

आम्ही मराठीचे अध्यापक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांत शिकवताना समोर बसलेली निम्मी मुले संत्र्याच्या बागांतून, पानमळ्यांतून, कपाशीच्या शेतांतून आलेली असतात. त्यांच्या बोलण्यात मोरचूद, गंधक, चुना, फवारा हे शब्द सहज येतात. या शब्दांच्या मागे एक इतिहास आहे आणि तो केवळ शेतीचा नाही. खाणाऱ्याच्या ताटात विषाचा किती अंश जाऊ द्यायचा, हे जिभेने ठरवायचे की आकड्याने, आणि तो आकडा कोणासाठी, याचा तो इतिहास आहे.

शब्दांपासूनच आरंभ करू. मोरचूद म्हणजे तांब्याचे निळे क्षार. संस्कृतात त्याला तुत्थ म्हणतात. अमरकोशात त्याचे पर्याय म्हणून शिखिग्रीव आणि मयूरक असे शब्द येतात. मोराच्या मानेचा रंग आमच्या 'मोरचुदा'तही टिकून आहे. सोमल हे संखियाचे पांढरे रूप, तर हरताळ हे त्याच विषारी मूलद्रव्याचे गंधकाशी झालेले पिवळे संयुग. हरताळाशी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा जुना संबंध आहे. पोथी लिहिताना चूक झाली की लेखकू त्यावर हरताळाचा लेप देई आणि वर नवे अक्षर लिही. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. हरताळ लावलेल्या कागदाला कसर लागत नसे, म्हणूनही पोथीशाळांत त्याला मान होता. खनिज विषाने कीड मारण्याची कल्पना अशी आमच्या ग्रंथव्यवहारात शेतीच्या कितीतरी आधी नांदत होती. मात्र पोथी कोणी खात नाही. विष शेतात उतरले आणि मग खाणाऱ्याचा प्रश्न उभा राहिला.

ते शेतात उतरले त्याची कथा फ्रान्समधील बोर्दो परगण्यात घडली. तेथील द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडत. हेतू एवढाच, की ते बघून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत. १८८२ च्या सुमारास प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले, की केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली असता या शिंपडलेल्या वेली हिरव्या आहेत. प्रयोगांती १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले आणि 'बोर्डो मिश्रण' जगभर गेले. या कथेतला विरोधाभास मोठा बोलका आहे. जे पाणी 'हे फळ खाऊ नका' असे सांगण्यासाठी शिंपडले जात होते, तेच खाण्यासाठी पिकवलेल्या फळाचे औषध ठरले. खाल्ले तर चालेल का, हा प्रश्न त्या औषधाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

भारतात या मिश्रणाला आरंभी जे मोठे काम मिळाले ते सुपारीवर. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगावर त्याची शिफारस केली. इकडे नागपुरास मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारचे कवकशास्त्रज्ञ जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी नागवेलीच्या रोगांचा अभ्यास केला. मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवरील त्यांचा निबंध १९३५ चा आहे. वेल बुडाशी कुजवणाऱ्या ज्या बुरशीने पानमळे बसतात, तिच्या कुळातील एका जातीचे वर्णन त्यांनीच १९१३ मध्ये एरंडीवरून केले होते. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट या भागांत बारी समाजाने पिढ्यान् पिढ्या पानमळे राखले. त्या मळ्यांतही मर रोगावर बोर्डो मिश्रण हाच मुख्य आधार राहिला. येथे जरा थांबावे. पान शिजवत नाहीत, सोलत नाहीत. पुसून, चुना लावून ते कच्चेच तोंडात जाते. विड्यातले पान आणि सुपारी ही दोन्ही मोरचुदाच्या आश्रयाने वाढलेली असू शकतात. देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या विड्याचा हा आधुनिक इतिहास आमच्या ललित वाङ्मयात कुठे आलेला आम्हांला आठवत नाही.

संत्र्याचे तसे नाही. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा संत्र्याचा पट्टा. महानुभावांचे रिद्धपूर, जिथे 'लीळाचरित्रा'ने मराठी गद्य उभे केले, तेही मोर्शी तालुक्यातच आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर या बागांतील झाडांची खोडे जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत निळसर पांढरी होतात. तो बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोग येऊ नये म्हणून तो लावतात. फवारायचे असेल तर तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी. मिश्रण जमले की नाही, हे पाहण्याची रीतही सुंदर आहे. लोखंडाची स्वच्छ सुरी किंवा खिळा त्यात बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे उरले आहे, आणखी चुना हवा. कळकण्याची परीक्षा जिभेची, ही डोळ्याची. पण तिचा रोख पान जळू नये इकडे आहे, खाणाऱ्याकडे नाही. संत्र्याची साल काढून फेकली जाते, हे खाणाऱ्याचे नशीब.

ज्वारीची काणी घालवण्यासाठी बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवत. नंतर गंधकाची भुकटी चोळण्याची पद्धत आली. त्यामागून पाऱ्याची सेंद्रिय संयुगे आली आणि प्रकरण गंभीर झाले. पेरून उरलेले बी गरिबाघरी दळले जाऊ शकते. इराकात १९७१-७२ साली नेमके तेच घडले. पेरणीसाठी पारा लावून आलेला गहू लोकांनी भाकरीत खाल्ला. सरकारी नोंदीप्रमाणे साडेचारशेहून अधिक माणसे दगावली. बीजप्रक्रियेची फिनाइल मर्क्युरी अ‍ॅसिटेट आणि इथाइल मर्क्युरी क्लोराइड ही संयुगे आज भारतातील बंदीच्या यादीत आहेत. पाऱ्याला चव नाही, वास नाही. येथे 'कळकणे' हे क्रियापद हतबल होते.

सोमलालाही चव नाही आणि आकड्याचा जन्म त्यातूनच झाला. १९०० साली इंग्लंडात मँचेस्टर परिसरात बिअर पिणारे हजारो लोक हातापायांच्या विचित्र रोगाने आजारी पडले. सत्तरांच्या आसपास मृत्यू झाले. बिअरसाठी वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाने बनवली होती, त्यात सोमल होते. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. त्याने १९०३ मध्ये मर्यादा सुचवली: घन अन्नाच्या एका पौंडात सोमल एक शतांश ग्रेनपर्यंत पोहोचता कामा नये. शेतीशी या आकड्याचा काहीही संबंध नव्हता. पण १९२५ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या सफरचंदांवर शिसे-सोमलाच्या फवाऱ्याचा अंश इंग्लंडात सापडला, तेव्हा हाच आकडा त्या सफरचंदांना लावला गेला. निर्यात बुडेल म्हणून अमेरिकी अधिकारी धावले. परदेशी जाणाऱ्या फळाला एक शतांश ग्रेनची अट आली. देशातल्या खाणाऱ्यांसाठी मात्र १९२७ मध्ये अडीचपट सैल मर्यादा ठेवली गेली. ती एक शतांशावर यायला १९३२ उजाडले. विष तेच, फळ तेच. खाणारा बदलला की आकडा बदलला.

भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला. त्याखालील ५७ वा नियम विषारी धातूंचा. ज्या अन्नपदार्थांचा वेगळा उल्लेख नाही, त्यांच्यासाठी त्यात आर्सेनिकची मर्यादा दहा लाख भागांत १.१ अशी होती. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही हाच आकडा आला. हा १.१ कुठून आला असावा? हिशेब करून पाहू. पौंडाचे ग्रेन ७०००. म्हणून एक शतांश ग्रेन म्हणजे दहा लाखांत सुमारे १.४३ भाग. हे वजन सोमलाचे, म्हणजे ऑक्साइडचे. त्यात शुद्ध आर्सेनिक शेकडा सुमारे ७६. गुणाकार १.०८ येतो, म्हणजे स्थूलमानाने १.१. इतके जुळणारे आकडे योगायोगाने येत नाहीत, असा आमचा तर्क आहे. मँचेस्टरच्या दारूड्यांसाठी केलेले माप रूप बदलून अमरावतीच्या भाजीबाजारापर्यंत आले. म्हणून ते चुकीचे ठरत नाही. पण ते आमच्या अनुभवातून, आमच्या ताटावरून घेतलेले माप नव्हे, हे विसरता येत नाही.

कीटकनाशकांचा कायदाही अपघाताच्या पोटी जन्मला. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या पिठात पॅराथिऑन सांडले होते. ते खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्या काळी केंद्रात कृषिखाते सांभाळणारे पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळचे. १९६९ मध्ये अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचेच नाव मिरवते. नव्या व्यवस्थेत शिसे-सोमलाच्या फवाऱ्याला नोंदणी नाकारली गेली आणि 'पॅरिस ग्रीन' बंदीच्या यादीत गेले. गंधक आणि तांबे मात्र राहिले, कारण ती तुलनेने निरुपद्रवी आणि स्वस्त.

तांब्याचा नियम वाचताना गंमत वाटते. २०११ च्या विनियमांत कॉपर ऑक्सिक्लोराइडचा अंश फळांवर किलोमागे २० मिलिग्रॅम चालतो, बटाट्यावर १, इतर भाज्यांवर २०. मोजायचे ते तांबे म्हणून. पण तांबे तर मातीतून येते, भांड्यातून येते, शरीरालाही थोडे हवेच असते. मोजणाऱ्या यंत्राला फवाऱ्यातले तांबे आणि तांब्याभांड्यातले तांबे वेगळे ओळखता येत नाही. अनेक सेंद्रिय कीटकनाशके काही दिवसांत विघटित होतात. म्हणूनच फवारणी आणि काढणी यांत काही दिवसांचे अंतर ठेवायला सांगतात. धातू विघटित होत नाही. पावसाने तो फळावरून धुतला जातो आणि मातीत जाऊन बसतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हे ओळखून मर्यादा जमिनीला लावली: सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा अधिक तांबे नको. आमचे नियम फळाशी थांबतात. फळ निर्दोष ठरते आणि माती साचवत राहते. सेंद्रिय शेतीच्या मानकांतही तांबे आणि गंधक मर्यादित स्वरूपात मान्य आहेत. त्यामुळे 'सेंद्रिय' या शब्दाने हा प्रश्न मिटत नाही.

नियमाच्या कक्षेबाहेर आणखी एक जण राहतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. ती औषधे खनिज नव्हती, हे खरे. तरी त्या घटनेने शतकाचा हिशेब उघडा केला. मँचेस्टरपासून आजवर आकडा बांधला गेला तो खाणाऱ्याभोवती. तोही शहरी, विकत घेऊन खाणारा, तक्रार करू शकणारा. पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर किती अंश पडला, याची मर्यादा ताटातल्या मर्यादेइतक्या निष्ठेने कोणी मोजली नाही.

या ठिकाणी भाषेचीही जबाबदारी येते. वऱ्हाडात फवाऱ्याच्या प्रत्येक द्रवाला 'औषध' म्हणतात. मोरचूद, गंधक, मोनोक्रोटोफॉस, सारे एकाच शब्दात. झाडाच्या बाजूने पाहिले तर शब्द बरोबर आहे. खाणाऱ्याच्या आणि फवारणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो शब्द विषावर हरताळ फासतो. ज्या भाषेने ताकात उतरलेल्या तांब्यासाठी वेगळे क्रियापद घडवले, तिने या नव्या अंशासाठी अद्याप बोलीतला शब्द घडवलेला नाही. 'अवशेष मर्यादा' हा राजपत्रातला शब्द बांधावर पोहोचत नाही. आकडा प्रयोगशाळेत राहील आणि तो राहायलाच हवा, कारण सोमल आणि पारा जिभेला कळत नाहीत. पण आकड्याचे भय आणि आकड्याचा आधार माणसाला वाटायचा, तर तो त्याच्या रोजच्या बोलीत यावा लागतो. कल्हई उडालेले भांडे ओळखायला कोणाला कायदा वाचावा लागला नव्हता.