मुखकर्करोगोपचारोत्तर दीर्घकालीन परिणाम

मुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार (उच्च ऊर्जेच्या किरणांनी कर्कपेशी नष्ट करण्याची पद्धत) संपल्यानंतर टिकून राहणारे किंवा काही वर्षांनी उद्‌भवणारे शारीरिक बदल. तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनामुळे मराठवाड्यात या रोगाला विशेष महत्त्व आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यापासून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय दोनशे किमी.हून दूर, तर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) त्याहून कितीतरी लांब असल्याने पाठपुराव्याच्या फेऱ्या चुकतात आणि गावी परतलेल्या रुग्णाचा त्रास घरापुरताच राहतो, ही खेदाची बाब होय.

लाळग्रंथींना इजा झाल्याने तोंड कोरडे पडते. ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करूनही घोटाघोटाने पाणी घेतल्याशिवाय गिळवत नाही. जबड्याचे स्नायू आखडून तोंड ३५ मिमी.पेक्षा कमी उघडणे यास हनुस्तंभ म्हणतात. लाकडी पट्ट्यांची चळत दातांमध्ये धरून तिची जाडी हळूहळू वाढवण्याचा व्यायाम त्यावर करतात. तो लवकर सुरू करणे हितावह असते. मानेवरील किरणोपचारानंतर अवटू ग्रंथी मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी रक्ततपासणी आवश्यक ठरते. किरणोपचारित जबड्यातील दात काढल्यास जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका अनेक वर्षे राहतो. त्यामुळे अशा रुग्णाने दंतवैद्यास किरणोपचाराचे कागद प्रथम दाखवावेत.